महर्षींचे थोरले चिरंजीव

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. मग ते पुण्याचे असो, इंदूर-ग्वाल्हेरचे असो, की आपल्या बडोद्याच्या एखाद्या जुन्या वाड्यातले असो. विधवांसाठी आश्रम काढणारे, स्त्रियांचे विद्यापीठ उभारणारे आणि वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न झालेले हे पुरुष सर्वांस वंदनीय आहेत. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे नाव मात्र पुष्कळ घरांत फार दिवस दबक्या आवाजातच घेतले जाई. रघुनाथ धोंडो कर्वे हे ते नाव. संततिनियमन हा शब्द उच्चारण्याचीही चोरी होती त्या काळी त्यांनी त्याच विषयाला आपले सारे आयुष्य वाहिले, आणि त्यापायी नोकरी, पैसा, लौकिक हे सगळे गमावले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. आज जी गोष्ट औषधांच्या दुकानात गोळीच्या रूपाने सहज मिळते, तिच्यासाठी या माणसाला कोर्टात आरोपी म्हणून उभे राहावे लागले होते, हे नव्या पिढीला सांगितल्याशिवाय कळावयाचे नाही.

आई, वडील आणि मुरूड

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणात दापोलीजवळच्या मुरूड गावचा. त्या वेळी खुद्द अण्णासाहेबांचेच शिक्षण चालू होते. पुढे १८९१ साली आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

ही घटना त्या काळात काही अपूर्व नव्हती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी छापील कुलवृत्तान्त असेल त्यांनी तो उघडून पाहावा. एकेका पुरुषाच्या नावापुढे दोन दोन, तीन तीन बायकांची नावे आढळतील. पहिली विशीत गेलेली, दुसरी तिशीच्या आत गेलेली, आणि मुलांच्या नावांपुढे अल्पवयात वारल्याच्या नोंदी. या नोंदींमागे काय काय घडले ते कुलवृत्तान्तात लिहिलेले नसते. पदरी पाच-सहा लेकरे असताना पुन्हा दिवस गेलेल्या बाईला काय वाटत असेल, हे तिला कोणी विचारीत नसे, आणि ती सांगावयास गेली असती तरी ऐकणारे कोण होते? देवाची देणगी म्हणून सारे निभावून न्यावयाचे, एवढीच रीत होती.

१८९३ मध्ये अण्णासाहेबांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. लोकांच्या रोषाला न भिता माणूस आपल्या मताप्रमाणे वागू शकतो, हा धडा रघुनाथाला अकराव्या वर्षीच घरात मिळाला. वडिलांच्या अंगी लोकसंग्रहाची हातोटी होती. निंदा सोसूनही ते गोड बोलून, दारोदार वर्गणी मागून संस्था उभी करीत. मुलाने वडिलांचे धैर्य घेतले. ती हातोटी मात्र त्याच्याकडे आली नाही.

मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो आहे. नामवंत बापाच्या मुलाचे गाणे लोक बापाच्या मापाने कसे मोजतात, हे मला चांगले परिचयाचे आहे. बापाचीच चीज बापासारखी गाईली तर मुलगा गुणी ठरतो. वेगळी वाट धरली तर घराणे बुडविले म्हणतात. रघुनाथरावांच्या बाबतीत असेच झाले. वडिलांनी स्त्रीला शिक्षण दिले, तेव्हा काही वर्षांच्या विरोधानंतर समाजाने त्यांस महर्षी म्हटले. मुलाने त्याच्या पुढची पायरी चढली. शिकलेल्या स्त्रीला स्वतःच्या शरीराची माहिती असावी आणि मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत हे तिला ठरविता यावे, असे तो म्हणू लागला, तेव्हा त्याच समाजाने कानांवर हात ठेवले.

गणिताचे प्राध्यापक

रघुनाथ बुद्धीने असामान्य होता. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. होऊन त्याने गणिताच्या अध्यापनाचा मार्ग धरला. पहिले महायुद्ध संपल्यावर उच्च गणिताच्या अभ्यासासाठी रघुनाथराव पॅरिसला गेले. कामशास्त्र, आरोग्य आणि संततिनियमन यांवरील पाश्चात्त्य ग्रंथांशी त्यांचा परिचय वाढला. पण पाश्चात्त्य देशांत तरी हा विषय निर्वेध होता असे कोणी समजू नये. युद्धात तरुणांची एक पिढी कापली गेल्यामुळे फ्रान्सने १९२० साली संततिनियमनाच्या प्रचारालाच बंदी करणारा कायदा केला. अमेरिकेत मार्गारेट सँगर या परिचारिकेने १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पहिले केंद्र काढले, ते पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद केले आणि बाईंना ३० दिवस तुरुंगात काढावे लागले. लंडनला मेरी स्टोप्स यांचे केंद्र १९२१ च्या मार्चमध्ये उघडले.

त्याच १९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातील हे या प्रकारचे पहिले केंद्र होय. पाठीशी संस्था नाही, सरकारची मदत नाही, देणगीदार नाहीत. पत्नी मालतीबाई मात्र खंबीरपणे पाठीशी होत्या. मूल होऊ द्यावयाचे नाही असे या दांपत्याने आपल्यापुरते ठरविले होते आणि ते पाळले. लोकांना सांगावयाचे ते आधी स्वतः करून दाखविण्याचा कर्वे घराण्याचा शिरस्ता येथेही दिसतो.

त्या काळची साधने आजच्या मानाने ओबडधोबडच म्हणावयाची. पुरुषांसाठी रबरी पिशवी, स्त्रियांसाठी आत बसविण्याची रबरी टोपी, आणि सोबत काही रासायनिक औषधे. टोपी नीट बसवावयास शिकावे लागे. ती धुऊन, पुसून, जपून ठेवावी लागे. एका खोलीत सात माणसे निजणाऱ्या चाळीतल्या बाईने ती कोठे ठेवावी आणि सासूच्या नजरेतून कशी सोडवावी? रबरी पिशवी म्हटली तर ती नवऱ्याच्या मर्जीवर. तेव्हा उपाय ठाऊक झाला तरी तो बाईच्या हाती आला असे होत नसे. रघुनाथरावांनी हे ओळखून नुसत्या साधनांवर न थांबता माहिती देण्यावर भर दिला. संततिनियमनावरील त्यांचे मराठी पुस्तक १९२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात आडपडदा नव्हता, संस्कृतप्रचुर झाकपाक नव्हती. गणिताचा सिद्धान्त फळ्यावर मांडावा तशी शरीराची माहिती साध्या मराठीत दिलेली होती.

या वेळी ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत होते. कॉलेज मिशनऱ्यांचे. प्राध्यापकाने असल्या विषयाचा जाहीर प्रचार करावा हे चालकांस रुचले नाही. प्रचार सोडावा की नोकरी, असा प्रश्न उभा राहिला, आणि १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली. वय ४३, पेन्शन नाही, साठविलेला पैसा नाही. वर्गात गणित शिकवून रात्री लेख लिहिण्याची तडजोड अनेकांनी केली असती, आणि त्यांस कोणी दोषही दिला नसता. रघुनाथरावांस ती जमली नाही.

'समाजस्वास्थ्य'

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. ते त्यांच्या मृत्यूपर्यंत म्हणजे २६ वर्षे चालले. शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा, त्यांच्या पश्चात निघालेला. मराठीत इतका काळ, इतक्या तुटपुंज्या बळावर, इतक्या अप्रिय विषयाला वाहिलेले दुसरे नियतकालिक दाखविणे कठीण. लेखन, संपादन, मुद्रिते तपासणे, हिशेब ही सारी कामे बहुतांशी त्यांनाच पाहावी लागत.

मासिकाचा आवाका मोठा होता. संततिनियमन हा कणा. त्याबरोबर गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, लग्नसंस्था, आहार, स्त्रीपुरुषांची समता, बुवाबाजी आणि अंधश्रद्धा यांवरही लेख येत. अंकातील एक भाग वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा असे. जे प्रश्न बापाला, भावाला, घरच्या वैद्याला विचारता येत नसत ते लोक पत्राने रघुनाथरावांस विचारीत, आणि ते शास्त्राच्या आधारे सरळ उत्तर देत. हस्तमैथुनाने माणूस क्षयी होतो, वेडा होतो असल्या समजुतींनी पिढ्यान्‌पिढ्या तरुण पोरे मनातल्या मनात जळत असत. त्यांस या मासिकाने केवढा दिलासा दिला असेल याची कल्पनाच करावी.

त्यांच्या स्वभावातील कडवटपणाही सांगितला पाहिजे, नाहीतर चरित्र एकांगी होईल. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापण्याचा त्यांचा हट्ट होता. शरीरात लाजण्यासारखे काही नाही, हे त्यांस त्यातून सांगावयाचे असे. पण त्या चित्रामुळेच मासिक अनेक घरांच्या उंबऱ्याबाहेर राहिले, आणि ज्या गृहिणीसाठी ते लिहिले जात होते तिच्या हाती पडणे अधिकच अवघड झाले. प्रतिपक्षाची खिल्ली उडविताना ते मागेपुढे पाहत नसत. देव, धर्म, ब्रह्मचर्य यांवर ते अशा धारदार शब्दांत लिहीत की, अनुकूल होऊ पाहणारा माणूसही दुरावे. अण्णासाहेबांसारखी माणसे जोडण्याची कला त्यांस असती तर काम अधिक फैलावले असते, असे म्हणावयास जागा आहे. परंतु अशी कला असलेल्या एकाही मोठ्या माणसाने हा विषय त्या काळी मराठीत इतक्या सातत्याने हाती धरला नाही, हेही विसरून चालावयाचे नाही.

कोर्टाच्या पायऱ्या

१९३१ साली व्यभिचारविषयक लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या वेळच्या दंडविधानाचे २९२ वे कलम लावण्यात आले, आणि त्यांस १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला आला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. बाबासाहेबांचा स्वतःचा लढा त्या वेळी ऐन भरात होता. अशा वेळी त्यांनी हे अप्रिय प्रकरण अंगावर घेतले यावरूनच त्याचे महत्त्व त्यांस किती पटले होते ते दिसते. ज्या मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे त्याने त्या विषयावरील प्रश्नांना उत्तरे द्यावयाची नाहीत तर कोणत्या द्यावयाची, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाला तो पटला नाही. त्याच वर्षी निकाल विरुद्ध गेला आणि २०० रुपये दंड झाला. नोकरी नसलेल्या माणसाला त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

याच वर्षांत देशात या प्रश्नावर मोठा वाद चालू होता. महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना विरोध होता; संयम हाच एक मार्ग, असे त्यांचे मत. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्यास जाऊन त्यांस भेटल्या, पण दोघांचा मतभेद मिटला नाही. रघुनाथराव गांधींच्या या मताचे सडेतोड विरोधक होते. संयमाचा उपदेश पुरुषाने करावा, नवऱ्याने तो मोडावा आणि फळ बाईने भोगावे, ही त्यातील मेख त्यांस स्पष्ट दिसत होती.

संस्थानी मुलखातील आपणा वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानात या विषयाला कोर्टकचेऱ्यांचा धाक होता, त्या वेळी म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी दवाखान्यांतून संततिनियमनाचा सल्ला देण्याचा हुकूम काढला. आपल्या सयाजीराव महाराजांनीही १९०४ सालीच बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला होता. उलट मुंबई विधिमंडळात १९३८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या पक्षातर्फे संततिनियमनाला सरकारने उत्तेजन द्यावे असा ठराव मांडला गेला, तो मोठ्या बहुमताने फेटाळण्यात आला.

१९५३

स्वातंत्र्यानंतर वारे फिरले. १९४९ साली मुंबईत कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय संस्था निघाली. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजन हा आपल्या योजनेचा भाग केला. जगात असे करणारे हे पहिले सरकार. त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि मार्गारेट सँगर पुन्हा या देशात आल्या. ज्या शहरात ३१ वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने एकट्याने हे काम आरंभिले, तेथे आता देशोदेशींचे प्रतिनिधी त्यावर उजळ माथ्याने बोलत होते. त्यानंतर एका वर्षाच्या आत रघुनाथराव गेले. वय ७१. महर्षी वडील त्या वेळी हयात होते, आणि त्यानंतरही नऊ वर्षे जगले.

आणखी एक योग पाहण्यासारखा आहे. १९५३ च्या जूनमध्ये अमेरिकेत मार्गारेट सँगर आपली धनाढ्य मैत्रीण कॅथरिन मॅककॉर्मिक हिला घेऊन ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि तोंडाने घेण्याच्या गोळीच्या संशोधनाला त्या बाईंच्या पैशाचा ओघ सुरू झाला. गरोदर स्त्रीच्या शरीरात जी द्रव्ये वाढतात त्यांसारखी द्रव्ये गोळीतून दिली तर बीजकोशातून बीज सुटत नाही आणि गर्भ राहत नाही, हे त्यामागचे तत्त्व. १९५६ साली पोर्टो रिको बेटावरील गरीब स्त्रियांवर तिचे मोठे प्रयोग झाले. डोस भारी होता, पुष्कळ जणींना मळमळ, चक्कर, डोकेदुखीचा त्रास झाला, आणि आपण प्रयोगात आहो याची नीट कल्पनाही त्यांस दिली गेली नव्हती. या गोळीच्या यशाला हा डाग आहे. १९६० मध्ये अमेरिकन सरकारने गोळीला मान्यता दिली. पुढे डोस पुष्कळ कमी करण्यात आला.

ज्या अडचणीपाशी रघुनाथरावांच्या काळची साधने अडत होती ती गोळीने ओलांडली. पाण्याच्या घोटाबरोबर घेता येणारी, नवऱ्याला विचारावे न लागणारी, डब्यात दडविता येणारी अशी ही वस्तू. पाश्चात्त्य देशांत तिने मुलींचे शिक्षण, नोकरी, लग्नाचे वय, सारेच बदलून टाकले. आपल्या देशात मात्र तिचा शिरकाव उशिरा आणि बेताचाच झाला. सरकारचा भर आधी तांबीवर, मग शस्त्रक्रियेवर. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने स्वतंत्रपणे शोधलेली, हार्मोन नसलेली आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर आठवड्याला एकच घ्यावी लागणारी 'सहेली' ही गोळी १९९१ साली बाजारात आली, हा आपल्या शास्त्रज्ञांचा पराक्रम होय. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी गोळी घेणाऱ्या शेकडा पाचच आढळल्या. स्त्रीने शस्त्रक्रिया करून घेतल्याचे प्रमाण शेकडा ३८, आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे शेकडा अर्धासुद्धा नाही.

हे आकडे रघुनाथरावांस दाखविता आले असते तर? लोकसंख्येची वाढ आवरली, दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण सरासरी दोनवर आले, याचे त्यांस समाधान वाटले असते. पण ते केवळ संख्येसाठी लढले नव्हते. माहिती द्यावी आणि निर्णय ज्याचा त्याला, विशेषतः जिचा तिला, करू द्यावा, हे त्यांचे मूळ सूत्र होते. १९७६-७७ साली आणीबाणीत ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत माणसे धरून नेल्याचे प्रकार घडले. ध्येयाचे नाव तेच, पण रीत या सूत्राच्या अगदी उलटी. आणि आजही ओझे बहुतेक बाईवरच, तेही दोन-तीन मुले झाल्यावर एकदाच कायमचे मिटविण्याच्या स्वरूपात. पहिले मूल केव्हा, दुसरे हवे की नको, याचा विचार दोघांनी बसून करण्याची वेळ निघून गेल्यावर उपाय योजला जातो. याचे कारण साधनांचा अभाव हे नव्हे. साधने कोपऱ्यावरच्या दुकानात आहेत. बोलणे होत नाही.

आपल्या जुन्या घरांत लग्न ठरले की याद्या होतात, मानपान ठरतात, हॉल आणि आचारी ठरतात. या एका विषयावर वडीलधारे मुलामुलींशी अवाक्षर काढीत नाहीत. त्यांना कोठून तरी कळेलच, असे म्हणून आपण मोकळे होतो. आणि कोठून तरी कळलेले पुष्कळदा चुकीचे असते. रघुनाथराव २६ वर्षे नेमके हेच सांगत होते. अमोल पालेकरांनी २००१ साली त्यांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, अलीकडे रंगभूमीवरही त्यांचे खटले आले, आणि विस्मृतीत गेलेले हे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले, ही आनंदाची गोष्ट. महर्षींची तसबीर आपल्या शाळांतून लागलेली असते आणि लागलेली असावीच. तिच्या शेजारी त्यांच्या थोरल्या चिरंजीवांसाठी जागा करावी, आणि त्याहीपेक्षा, ज्या विषयासाठी ते झिजले तो घरातल्या घरात, लाज न धरता, लग्नाच्या आधीच बोलला जावा, एवढे ऋण त्यांचे आपल्यावर आहे.